एक घोसाळं वेलीवर राहू द्या

सदर : परसदार



मृगाचे दोन-चार पाऊस झाले की आपल्या सिल्वासात ठरलेला प्रश्न सुरू होतो, "यंदा गॅलरीत काय लावू?" विचारणारे बहुतेक तरुण जोडपी असतात. दोघंही नोकरीला, हाताशी वेळ कमी, आणि घरात एखादं लहान मूल, ज्याला "भाजी झाडावर येते" हे दाखवायचं असतं. या महिन्याचं माझं उत्तर एकच आहे : घोसाळं लावा.

कारण सोपं आहे. घोसाळ्याला ऊब आवडते, पाऊस आवडतो, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात टोमॅटो रडतो, घोसाळं मात्र हसत वर चढतं. शिवाय एकाच वेलीवर तीन गोष्टी मिळतात : भाजी, अंगघासणी आणि बी. पहिली सगळेच घेतात, दुसरी थोडे जण घेतात आणि तिसरी जवळजवळ कुणीच घेत नाही. आजचं बोलणं मुख्यतः त्या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे, पण तिथे पोचायला वेल तर लावली पाहिजे!

नावांचा घोळ

आपल्या मंडळात कोकणातले, पुण्याकडचे, खानदेशातले, विदर्भातले असे सगळेच. त्यामुळे आधी नाव पक्कं करू. कोकणात आणि पुण्याकडे याला घोसाळं म्हणतात. जळगाव-धुळे-नाशिककडे हेच गिलकं. इथल्या बाजारात गुजराती भाजीवाल्याकडे 'गलकां' मागितलं की मिळतं आणि कारखान्यातला बिहारकडचा सहकारी याला 'नेनुआ' म्हणतो. नावं चार, पण फळ एकच : गुळगुळीत सालीचं, लांबट, हिरवं. अंगावर उठावदार शिरा असलेला दोडका, म्हणजेच शिराळं किंवा गुजराती तुरियां, हा त्याचा सख्खा चुलत भाऊ.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात 'लूफा' म्हणून जे विकतात, तेही घोसाळंच. पूर्ण जून होऊन वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. 'लूफा' हा शब्द अरबीतून आला. युरोपातल्या वनस्पतीतज्ज्ञांनी सतराव्या शतकात हे पीक इजिप्तमध्ये पाहिलं, म्हणून शास्त्रीय नाव पडलं 'लुफा इजिप्टिआका'. वेल मात्र मूळची आशियातली, आणि भारतात तिची लागवड फार जुनी. म्हणजे दुकानातल्या चकचकीत पाकिटात आपल्याच परसातली गोष्ट असते.

लावायचं कसं

घोसाळ्याचं बी काळं, चपटं आणि कडक कवचाचं असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी अर्धा-पाऊण इंच खोल पेरा. एका जागी दोन-तीन बिया टाका. आठवड्याभरात उगवतात. दोन-तीन खरी पानं आली की एकच जोमदार रोप ठेवा आणि बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, उपटताना शेजारच्याची मुळं दुखावतात.

रो-हाउसला अंगण असेल तर जमिनीत लावा, पण खड्ड्यात नको. आपल्या पावसात खड्ड्यात पाणी साचतं आणि मूळ कुजतं. वीतभर उंच मातीचा ढीग करून त्यावर पेरा. फ्लॅटमध्ये असाल तर एका वेलीला निदान २० लिटरची बादली हवी, ४० लिटरची असेल तर उत्तम. तळाला चार-पाच भोकं पाडा. निम्मी माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, आणि पाव भाग नारळाचा भुसा भरा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपलं गाव कारखान्यांचं, त्यामुळे वापरलेले निळे ड्रम भंगारात स्वस्तात मिळतात. रसायन भरलेला ड्रम कितीही धुतला तरी खायच्या भाजीसाठी वापरू नका. त्यात आधी काय होतं हे खात्रीनं माहीत नसेल, तर तो घरात आणूच नका. रंगाची रिकामी बादलीही नको. खायच्या तेलाचा डबा किंवा नवी बादली बरी.

आधार सुरुवातीपासूनच द्या. बांबू, सुतळी किंवा नायलॉनची जाळी, काहीही चालेल. ती ग्रिलला घट्ट बांधा. कपडे वाळत घालायच्या दोरीला किंवा एसीच्या पाइपला वेल अडकवू नका. फळं धरली की वेलीचं वजन वाढतं आणि आपल्याकडच्या वाऱ्या-पावसात ते सगळं खाली यायला वेळ लागत नाही. सात-आठ पानं झाल्यावर शेंडा खुडला तर बगलेतून फांद्या फुटतात आणि वेल पसरते.

या पसरण्याचा एक उपयोग जपानी लोकांनी छान ओळखला आहे. तिथे घोसाळ्याला 'हेचिमा' म्हणतात. ते खिडकीबाहेर जाळीवर घोसाळं किंवा कारलं चढवून 'हिरवा पडदा' करतात, म्हणजे ऊन अडतं आणि खोली थंड राहते. २०११ च्या भूकंपानंतर तिथे विजेची टंचाई झाली, तेव्हा हे पडदे आणखी लोकप्रिय झाले. तिथल्या चौथीच्या विज्ञानात मुलं हेचिमा लावून त्याची वाढ वहीत नोंदवतात. आपल्या मुलांनाही एक वही द्या. पेरलं कधी, उगवलं कधी, आज वेल किती वीत, पहिलं फूल कोणत्या तारखेला. भर पावसाळ्यात ही वेल इतकी वेगानं वाढते की मुलांना कंटाळा यायची सवडच मिळत नाही.

इथल्या शाळेतल्या मुलांना २ ऑगस्ट पाठ असतो. १९५४ मध्ये याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं आणि त्या लढ्यात पुण्या-मुंबईहून आलेले मराठी स्वयंसेवक होते. हीच तारीख वेलीसाठी खूण म्हणून लक्षात ठेवा : जूनच्या मध्यावर पेरलेली वेल मुक्तिदिनापर्यंत मांडवाच्या वर पोचलेली असली पाहिजे. पोचली नसेल तर ऊन कमी पडतंय किंवा खत.

फुलं आहेत, फळ का नाही?

पेरणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी पिवळी फुलं येतात. आधी येतात ती घोसानं, आणि ती नर फुलं असतात. त्यांना फळ धरत नाही आणि ती गळतात. त्यामुळे "आमच्या वेलीला नुसती फुलंच येतात" अशी तक्रार सुरुवातीला करू नका. थोड्या दिवसांनी मादी फुलं येतात. ती एकेकटी असतात आणि फुलामागे बोटाएवढं इवलंसं घोसाळं आधीपासूनच असतं. ओळखायला अगदी सोपं.

नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत पोचवायचं काम मधमाश्यांचं. घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं मात्र संध्याकाळी. दोन चुलत भाऊ, पण एकाची पाळी सकाळची आणि दुसऱ्याची रात्रीची! म्हणून घोसाळ्यावर सकाळी फवारणी करू नका, अगदी कडुनिंबाच्या तेलाचीसुद्धा. ती वेळ मधमाश्यांची.

उंच मजल्यावरच्या किंवा काचेनं बंद केलेल्या गॅलरीत मधमाश्या येत नाहीत. थंड देशांत राहणारी आपली मंडळी काचेच्या हरितगृहात घोसाळं लावतात, त्यांचीही अडचण हीच. उपाय सोपा आहे. सकाळी आठच्या आत एक ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागे करा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. हे काम मुलांना द्या. आपल्या हातानं जोडलेल्या फुलाचं फळ झालेलं पाहिल्यावर ते मूल घोसाळ्याच्या भाजीला सहसा नाक मुरडत नाही.

वेलीवर मुंग्या दिसल्या तर घाबरू नका. घोसाळ्याच्या पानांवर आणि फुलांच्या देठांपाशी गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात, मुंग्या त्यासाठी येतात. खरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, आत अळ्या होतात, आणि फळ वाकडं होऊन पिवळं पडतं. असं फळ कुंडीतच किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माश्या होतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि मग फेका. चांगल्या फळांना फूल सुकताच कागदाची किंवा जाळीच्या कापडाची पिशवी चढवा. वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीसाठी 'क्यू-ल्यूर'चे सापळे शेतीच्या दुकानात मिळतात. मोठ्या बागेला एक-दोन पुरतात.

गणपतीची भजी आणि त्यानंतर

फूल उमलल्यापासून आठवड्याभरात घोसाळं भाजीजोगं होतं. नखानं टोचलं तर नख सहज आत गेलं पाहिजे. गणपतीच्या सुमारास वेल भरात असते. घोसाळ्याच्या चकत्यांची भजी कुणाला सांगायला नकोत, आणि खानदेशी घरांतली दाण्याचं कूट घातलेली गिलक्याची भाजी ज्यांनी खाल्ली नसेल, त्यांनी मंडळातल्या कुठल्याही जळगावकरांकडे हक्कानं जेवायला जावं. कोवळी फळं जितकी तोडाल तितकी नवी येतात. फळ जून होऊ लागलं की वेलीचं सगळं लक्ष त्याच्या बियांकडे जातं आणि नवी फळं कमी होतात.

म्हणूनच माळी सांगतात, जून फळ वेलीवर ठेवू नका. भाजीपुरतं ते बरोबरच आहे, पण ते नवरात्रापर्यंत. पाऊस परतीला लागला, दिवस लहान होऊ लागले की सगळ्यात सरळ, निरोगी आणि मोठी अशी दोन फळं निवडा, त्यांच्या देठाला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा, की याला हात लावायचा नाही. ऑगस्टमधली फळं राखली तर पावसात कुजतात. सप्टेंबरच्या शेवटी धरलेली फळं ऑक्टोबरच्या उन्हात पिकतात आणि डिसेंबरपर्यंत वेलीवरच वाळतात. आधी साल पिवळी पडते, मग तपकिरी. फळ हातात हलकं लागतं, आणि हलवलं की आत बिया खुळखुळतात. तेव्हा तोडा.

खालचं टोक मोडून फळ उलटं करा आणि बिया काढून घ्या. एका चांगल्या फळात वर्षा-दोन वर्षांना पुरून उरतील इतक्या बिया निघतात. मग फळ पाण्यात भिजवा, साल सोलून काढा, जाळी खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. झाली घासणी तयार. भांड्यांसाठी वेगळी, अंगासाठी वेगळी. वापरल्यावर पिळून कोरडी टांगा, कारण ओली राहिली तर तिच्यात जंतू वाढतात. वास येऊ लागला किंवा मऊ पडली की कुंडीतल्या मातीत पुरा. ती कुजून खत होते. प्लास्टिकच्या घासणीचे झिजलेले कण मात्र मोरीतून पुढे जातात आणि कुजत नाहीत.

ही जाळी किती चिवट असते ते पाहा : दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत जहाजांच्या इंजिनांतल्या गाळण्यांसाठी वाळलेलं घोसाळं वापरत असत.

कडू लागलं तर थुंका

घरचं बी ठेवायचं म्हटलं की एक सावधगिरी सांगावीच लागते. घोसाळं, दोडका, दुधी, काकडी या सगळ्या घराण्यात 'कुकुर्बिटासिन' नावाचं कडू द्रव्य असतं. लागवडीच्या जातींत ते नगण्य असतं, पण रानातल्या कडू दोडक्यात भरपूर. कुंपणावरच्या कडू दोडक्याचा पराग आपल्या दोडक्यावर आला आणि त्याचं बी आपण राखलं, तर पुढच्या वर्षीचं फळ कडू निघू शकतं. हा कडवटपणा कारल्यासारखा नसतो, तो विषारी असतो. शिजवल्यानं, मीठ लावल्यानं तो जात नाही. उलट्या, जुलाब, आणि जास्त खाल्लं तर त्याहून वाईट. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाल्ल्यानं एका ७९ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला होता. आपल्याकडेही कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

म्हणून नियम घरात पाठ करून ठेवा : घरच्या बियांच्या फळाची, दर वेळी, चिरताना कच्ची बारीक फोड जिभेला लावायची. कडू असेल तर थुंकायची, चूळ भरायची आणि सगळं फळ फेकायचं. "टाकवत नाही" म्हणून भाजीत ढकलायचं नाही. आणि त्या वेलीचं बी कधीही राखायचं नाही.

बी शुद्ध हवं असेल तर आणखी थोडे कष्ट घ्या. उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्यांवर आज संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा. सकाळी हातानं पराग लावा आणि मादी फुलाला पुन्हा दोन दिवस पिशवी बांधून ठेवा. लाल दोरा त्याच फळाला. आणि सुरुवातीचं बी घेताना पाकीट वाचा. 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिलं असेल तर त्याच्या बियांची पुढची पिढी आईबापांसारखी येईलच असं नाही. 'पुसा चिकनी'सारखी सरळ जात किंवा कुणाच्या घरचं जुनं बी घेतलं तर ते वर्षानुवर्षं राखता येतं.

कुणाच्या घरचं जुनं बी

सदर लिहायला बसले ते खरं तर या चार शब्दांसाठी. मंडळात अजून अशा आज्या आहेत, ज्या नोकरीवाल्या मुलाच्या मागोमाग गावाकडून इथे आल्या तेव्हा सामानात चिंधीत बांधलेलं बी घेऊन आल्या. गिलक्याचं, वालाचं, भोपळ्याचं. ते बी कुठल्या पाकिटात नाही. ते त्यांच्या सासूकडून, तिच्या सासूकडून आलेलं. घोसाळ्याचं बी चांगलं कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं, पुढे उगवण कमी होत जाते. म्हणजे एखाद्या घरात सलग पाच-सहा वर्षं कुणी वेल लावली नाही, तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली जात तिथेच संपते. आवाज होत नाही, कुणाला कळतही नाही.

अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं आदिवासी गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांनी आपल्या भागातली गावठी बियाणी गोळा करून, जपून, वाटून बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम आपल्याला मोठं वाटतं, पण त्याची पहिली पायरी आपल्या गॅलरीतही मावते : एक फळ न खाता राखणं.

आणि हे शिकायला फार दूर जायलाही नको. पावसाळ्यात खानवेलच्या रस्त्यानं जाल तेव्हा घरांच्या कुडांवर आणि कौलांवर चढलेल्या वेली पाहा. इथल्या वारली बांधवांचा तारपा ऐकला असेलच. तो तारपा वेलीवर जून होऊ दिलेल्या, वाळवलेल्या दुधी भोपळ्याचाच होतो. सगळेच भोपळे कोवळे असताना भाजीत गेले असते, तर तो नाच आणि ते सूर कुठून आले असते?

तर कामाचं बोलू. या आठवड्यात आपापल्या आजीला, आईला, सासूला एक फोन करा आणि विचारा, "घरचं घोसाळ्याचं बी आहे का?" असेल तर चार बिया मागून घ्या आणि ते मूळ कुठल्या गावचं, कुणाकडून आलं, कशी भाजी होते हे मुलांच्या त्या वहीत लिहा. नसेल तर सरळ जातीचं पाकीट आणा आणि यंदापासून आपल्या घरचं बी सुरू करा. कधी तरी सुरुवात कुणीतरी केलीच होती.

डिसेंबरात फळं वाळतील आणि पाठोपाठ संक्रांत येईल. हळदीकुंकवाला दरवर्षी आपण प्लास्टिकच्या वाट्या आणि डब्या लुटतो, ज्या नंतर फडताळात पडून राहतात. यंदा वाण म्हणून घोसाळ्याची एक घासणी आणि कागदाच्या पुडीत पाच बिया देऊ या. पुडीवर गावाचं नाव लिहा. जळगावचं गिलकं नागपूरकरांच्या गॅलरीत चढेल, रत्नागिरीचं घोसाळं नाशिककरांच्या अंगणात. पुढच्या मृगाला कुणाच्या हाती काय उगवलं, ते मला नक्की कळवा.

आणि हो, लाल दोरा विसरू नका!